पावसाळा, लाकूड आणि मापातला फरक

पाऊस लागला की दाराखिडक्यांच्या त्याच तक्रारी येतात. निवडक प्रश्नांना उत्तरे.

बेडरूमचं सागवानी दार जुलैपासून अडकतंय. सुतार रंधा मारू म्हणतो. मारू द्यावा? (घोडबंदर रोड, ठाणे)
आत्ता नको. दमट हवेत पल्ला रुंदीला फुगलाय, दिवाळीनंतर आकसेल. आज तासलात तर जानेवारीत फट पडेल. तोवर कडेला मेण चोळा. मात्र बिजागरीचे स्क्रू ढिले झालेत का, बाथरूमच्या भिंतीतून ओल येते का, हे जाणत्या सुताराला दाखवाच.

पावसात टेबलाची लांबीही वाढते का? (वाशी)
नाममात्र. लाकूड हलतं ते रुंदीला आणि जाडीला.

वखारवाला म्हणतो, 'वीस वर्षांचं सागवान आहे, पूर्ण सुकलेलं.' दसऱ्याआधी टेबल हवंय. घेऊ का? (कोपरखैरणे)
मोजल्याशिवाय मुळीच नाही. झाडाच्या वयाचा आणि फळीतल्या ओलीचा काडीचा संबंध नाही, हे ही मंडळी सोयीस्कर विसरतात. ओल साधारण 30 टक्क्यांहून जास्त असते तोवर लाकडाचा आकार बदलत नाही, कारण पोकळ्यांतलं मोकळं पाणीच उडत असतं. त्याखाली पेशींच्या भिंती सुकू लागतात आणि आकसणं सुरू होतं. तेही सगळीकडून सारखं नाही. गाभ्याकडून सालीकडे जितकं आकसतं, त्याच्या साधारण दुप्पट खोडातल्या वाढीच्या वलयांच्या दिशेने. फळीच्या टोकाला वलयांच्या कमानी दिसल्या तर ती सुकताना बाक घेणार. उभ्या रेषा असतील तर बरीचशी सरळ राहील.

आता हिशेब करा. अशी कमानीवाली, 150 मिलिमीटर रुंद सागवानी फळी 20 टक्के ओलीला जोडली आणि घरात 12 वर आली, तर दोनेक मिलिमीटर आकसते. सहा फळ्यांच्या टेबलाला ते बारा मिलिमीटर होतात. सांधे उघडतात, टॉप तडकतो आणि खापर सुताराच्या माथी!

म्हणून मॉइश्चर मीटर लावायला सांगा. टोकाला किंवा वरवर नाही, फळी मध्ये कापून ताज्या कापावर. आकडा 12 च्या आसपास नसेल तर दसरा जाऊ द्या. मीटर लावायला नकार देणाऱ्याकडून लाकूड घेऊ नका आणि कापणीआधी सुताराशी बोला.

तेल पाजलेलं लाकूड फुगत नाही म्हणतात. खरं का? (नेरूळ)
ऐकीव गोष्ट. तेल असो वा पॉलिश, ओल आत शिरायला उशीर होतो, ती थांबत नाही. दर्शनी बाजूला पॉलिश आणि पाठ कोरी, ही पैसे वाचवायची युक्ती तर फळी वाकवतेच. दोन्ही बाजू आणि कडा, सगळीकडे सारखे हात द्यायला लावा. कुठलं पॉलिश, ते लाकूड पाहून पॉलिशवालाच सांगेल.