शिसं वितळवण्याचं जुनं विजेचं भांडं तापत नाही आणि तोटीतून गळतं. दुरुस्त होईल का?

होईल, बहुतेक तरी. तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: बुलेट (बंदुकीच्या गोळ्या) ओतण्यासाठी वापरलेलं, तळाला तोटी असलेलं जुनं भांडं आहे. नेमप्लेटवर १२० व्होल्ट, ७०० वॅट लिहिलंय, साधारण ९ किलो शिसं मावतं, आणि २३० व्होल्टच्या लाइनवर ट्रान्सफॉर्मर लावून चालवता. आधी वितळायला तास-दीड तास लागायला लागला, मग तापणंच बंद झालं. तोटी त्याच्याही आधीपासून ठिबकते. आता नवीन कॉइल मागवायची का, आणि ‘डायोड टाकला की ट्रान्सफॉर्मर लागत नाही’ हा सल्ला खरा का, हे तुम्हाला हवंय.

डायोडचं आधी निकालात काढतो, कारण तो सल्ला धोक्याचा आहे. १२० व्होल्टला ७०० वॅट घेणारी कॉइल सुमारे २०.५ ओहमची असते. ती सरळ २३० व्होल्टवर लावली तर २,५०० वॅटच्या वर जाते. डायोड करंट एकाच दिशेने जाऊ देतो आणि अर्धी लाट कापतो, म्हणजे वॅटही निम्मे होतात, पण निम्मे म्हणजे तरी जवळपास १,३०० वॅट. कॉइलच्या क्षमतेच्या पावणेदोन पटीपेक्षा जास्त. काही दिवस फार छान तापेल, मग जाईल. ट्रान्सफॉर्मर राहू द्या, तो किमान १,००० व्हीए (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे त्याची क्षमता) एवढा आहे ना हे बघा, आणि अर्थची तार त्यातून भांड्याच्या बॉडीपर्यंत पोचते का तेही तपासा. जुन्या भांड्यांना बऱ्याचदा दोनच पिनांची वायर असते. तसं असेल तर दुरुस्तीची सुरुवात तीन तारांच्या वायरपासून करा.

कॉइल मात्र अजून मागवू नका. तापणारी उपकरणं दुरुस्त करताना मला पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट ही, की ‘कॉइल गेली’ म्हणून आलेल्या वस्तूत कॉइल अनेकदा ठणठणीत असते आणि तिच्या टोकाचा सांधा जळालेला असतो. तुमच्या भांड्यातून जवळपास ६ अँपिअर करंट जातो. सांधा सैल होऊन किंवा काळवंडून तिथे नुसता अर्धा ओहम वाढला, तरी त्या एका नटावर १७ वॅट उष्णता तयार होते. तेवढ्यात लहान सोल्डरिंग आयर्न तापतं. सांधा आणखी काळा पडतो, ओहम आणखी वाढतात, भांडं हळू तापायला लागतं, आणि शेवटी थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं टोपण) किंवा तार तुटते. तुम्ही सांगितलेला क्रम अगदी असाच आहे.

भांडं उघडण्याआधी दोन गोष्टी. एक, आत बसलेली राखाडी-पिवळट धूळ म्हणजे शिशाचा ऑक्साइड आहे. वितळलेल्या शिशाच्या वाफेला लोक घाबरतात, पण ओतकामाच्या तापमानाला वाफ नगण्य असते. शरीरात शिसं जातं ते मुख्यतः या धुळीतून, हातावाटे तोंडात आणि श्वासावाटे. ब्लोअरने किंवा साध्या व्हॅक्यूम क्लीनरने ती उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या. हातमोजे आणि मास्क घाला, काम संपेपर्यंत खाणं-पिणं-सिगरेट नाही. स्वयंपाकघरात तर हे काम अजिबात नको, आणि मुलं व गरोदर बाई त्या जागेपासून लांबच असू देत. दुसरी गोष्ट ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासात गेल्यास फुफ्फुसांना घातक असलेलं तंतुमय खनिज. फार जुन्या भांड्यात तारांवर किंवा भांड्याभोवती करडं-पांढरं, कापसासारखं तंतुमय वेष्टण असू शकतं. ते काचतंतूचं की ॲस्बेस्टॉसचं, हे डोळ्यांनी सांगता येत नाही, म्हणून ॲस्बेस्टॉसच समजून चाला: कोरडं खरवडायचं नाही, साबणाच्या पाण्याचा बारीक फवारा मारून ओलं करायचं, अख्खं उचलून पिशवीत बंद करायचं. हात लावताच भुगा होत असेल, तर तिथेच थांबा. त्या भांड्यासाठी तेवढी जोखीम घेण्यात अर्थ नाही.

आता मीटर. प्लग काढलेला, भांडं पूर्ण थंड. प्लगच्या दोन पिनांमध्ये, स्विच चालू आणि थर्मोस्टॅट पूर्ण वर ठेवून ओहम बघा. मग तळाचं झाकण उघडून कॉइलचं एक टोक मोकळं करा आणि थेट कॉइलच्या दोन टोकांवर बघा. कॉइलवर २० च्या आसपास आणि प्लगवर काहीच नाही, असं आलं तर कॉइल जिवंत आहे आणि दोष वाटेत कुठेतरी आहे. कॉइलवर ४० च्या आसपास आकडा आला तर वेगळीच मौज. काही भांड्यांत दोन कॉइल समांतर जोडलेल्या असतात, त्यातली एकच शिल्लक आहे असा त्याचा अर्थ. कॉइलवरच काही दाखवत नसेल, तेव्हाच ती गेली म्हणा.

हळू तापण्याचा हिशोब इथेच सांगतो. ९ किलो शिसं खोलीच्या तापमानापासून ४०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यायला साधारण ६५० किलोज्यूल लागतात. त्यातली जवळजवळ एकतृतीयांश उष्णता ३२७ अंशांना घनाचा रस होण्यातच जाते. ७०० वॅटने हे काम कागदावर पंधरा-सोळा मिनिटांत होतं. भांडं स्वतः तापणं आणि बाहेर जाणारी उष्णता धरली तर अर्धा तास समजा. वॅट निम्मे झाले की वेळ दुप्पट होऊन थांबत नाही, त्याहून बराच वाढतो. बाहेर जाणारी उष्णता तेवढीच राहते आणि उरलेले थोडे वॅट शिशाच्या वाट्याला येतात. म्हणून तास-दीड तास हा आकडा ऐकून मला एक कॉइल बंद किंवा खराब सांधा, यापैकी काहीतरी वाटतं.

दोष सांध्यात निघाला, तर नुसता घट्ट करून भागणार नाही. काळी पडलेली, ठिसूळ झालेली तार चकाकेपर्यंत मागे कापा. इथे सोल्डर चालत नाही. साधा कथील-शिशाचा सोल्डर १८३ अंशांना वितळायला लागतो आणि तुमच्या झाकणाखाली त्याहून जास्त तापू शकतं. पितळी किंवा कथील चढवलेली थिंबलंही टिकत नाहीत. निकेलचा मुलामा असलेली पोलादी थिंबलं घ्या, चांगल्या क्रिम्परने दाबा, आणि स्टेनलेसच्या नट-बोल्ट-स्प्रिंग वॉशरने आवळा. तार काचतंतू-अभ्रकाच्या वेष्टणाची घ्या, ती ४०० अंशांच्या पुढेही तग धरते. सिलिकॉनची तार मऊ आणि सुंदर असते, पण २०० अंशांच्या आसपास तिची हद्द संपते. ती बाहेरच्या भागात वापरा. उघड्या कॉइलची शेपटं बॉडीजवळून जात असतील तर त्यांवर चिनीमातीचे मणी ओवा.

थर्मोस्टॅटबद्दल थोडक्यात. जुन्या भांड्यात तो बहुधा बायमेटलचा (तापल्यावर वाकणाऱ्या दोन धातूंच्या पट्टीचा) असतो. नॉब फिरवल्यावर ‘टिक’ ऐकू आलं पाहिजे आणि मीटरवर जोड तुटला-जुळला दिसला पाहिजे. संपर्कबिंदू काळे असतील तर जाड कोऱ्या कागदाची पट्टी मध्ये घालून ओढा. कानस लावू नका, चांदीचा थर निघून जातो. बिंदू एकमेकांना चिकटूनच बसत असतील तर तो बदला, कारण तसं भांडं कधी थांबणारच नाही. बदलायचाच असेल तर पीआयडी कंट्रोलर (तापमान मोजून वीज कमी-जास्त करणारं यंत्र) आणि के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावणं मला जास्त आवडतं, तापमान आकड्यात दिसतं आणि शिसं विनाकारण लाल होईपर्यंत तापत नाही. फक्त एक लक्षात असू द्या: त्यातला सॉलिड स्टेट रिले (कॉइलची वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा चालू अवस्थेतच अडकतो. मालिकेत हाताचा स्विच ठेवा आणि तापत्या भांड्याला एकटं सोडून जाऊ नका.

कॉइल खरोखर गेलेली असेल, तर नवीन २३० व्होल्ट, ७०० वॅटचीच बनवून घ्या. ती ७५ ओहमची येईल, करंट ३ अँपिअरवर उतरेल, सांध्यांचाही त्रास कमी होईल आणि ट्रान्सफॉर्मर कायमचा सुटेल. मग इंडिकेटरचा दिवाही बदलायचा, आणि स्विच-थर्मोस्टॅट २५० व्होल्टचे आहेत का ते बघायचं. नळीबंद कॉइल असेल तर तिच्यातली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड हवेतली ओल शोषते. वर्षानुवर्षं पडून राहिलेलं भांडं आरसीसीबी (गळती करंट झाला की वीज तोडणारा घरातला स्विच) पाडतं ते बहुतेक याच कारणाने. कॉइल काढून १२० अंशांच्या आसपास काही तास सुकवा (अन्नाच्या ओव्हनमध्ये नव्हे), मग ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासण्याच्या मीटरने) बॉडी आणि कॉइलमध्ये बघा. एक मेगाओहमपेक्षा कमी असेल तर ती वापरायची नाही. आरसीसीबी पडतो म्हणून अर्थची तार काढून टाकणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या हाताशी वितळलेलं शिसं आणि वीज उतरलेली बॉडी एकाच वेळी असते.

आता तोटी. ही वेगळी कटकट वाटते, पण विजेशी तिचा संबंध आहे. ठिबकलेलं शिसं तळाच्या पत्र्यावरून आत सरकतं आणि तारांपर्यंत पोचतं. झाकण उघडाल तेव्हा सांध्यांजवळ शिशाचे थेंब गोठलेले आहेत का बघा.

गळतीचं कारण दहापैकी नऊ वेळा कचरा. तोटी वरून बंद करणाऱ्या दांडीचं टोक आणि ते जिथे टेकतं ती तोटीची बैठक यांच्यामध्ये मळीचा किंवा गंजाचा कण अडकतो. भांडं तापतं झालं की रस असताना दांडीच्या डोक्यावरच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून किंचित दाब देत अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे फिरवा. पुष्कळदा एवढ्यानेच थांबतं. नाही थांबलं तर दांडी मोकळेपणी खाली पडते का ते पाहा. दांडी उचलणाऱ्या तरफेची जोडणी घासत असेल, दांडी वाकली असेल किंवा वजनाला हलकी असेल तर ती पूर्ण बसत नाही. वरून थोडं वजन वाढवणं हा जुना आणि चांगला उपाय आहे.

तेही करून झालं असेल, तर भांडं रिकामं आणि थंड करून दांडी काढा. टोकाच्या शंकूवर मार्करची शाई लावा, जागेवर बसवून फिरवा, काढून बघा. शाई पूर्ण गोल पुसली गेली तर बैठक चांगली आहे, एका बाजूलाच पुसली तर तिथून गळतंय. व्हॉल्व्ह ग्राइंडिंगची बारीक पेस्ट टोकाला लावा आणि हलक्या हाताने घोटा. इंजिनाचा व्हॉल्व्ह बसवलेला माणूस ओळखीचा असेल तर त्याला शिकवावं लागणार नाही. नंतर पेस्टचा कणही राहता कामा नये, रॉकेलने धुवून पुसून घ्या. तोटीच्या भोकात ड्रिल घालू नका. भोक मोठं झालं की धार जाड पडते, आणि ते परत लहान करता येत नाही.

भांड्याच्या आतला गंज तारेच्या ब्रशने काढा, पण ओला करून. धुतलं तर पूर्ण वाळू द्या, मग रिकाम्याला कमी आचेवर थोडा वेळ ऊब द्या. जास्त वेळ नको, शिसं नसेल तर कॉइलची उष्णता नीट उचलली जात नाही. शिशाखाली अडकलेल्या पाण्याच्या एका थेंबाची वाफ होताना त्याचं आकारमान १,६०० पटीहून जास्त वाढतं आणि वरचा सगळा रस छतापर्यंत उडतो. ओला चमचा, घामाचा थेंब, दमट शिशाचा तुकडा, काहीही पुरतं.

सध्या भांड्यात जुनं शिसं गोठलेलं असेल तर ते काढायला खालून गॅसचा बर्नर लावू नका. वितळताना शिसं साडेतीन टक्क्यांच्या आसपास फुगतं. वर गोठलेल्या शिशाचं घट्ट झाकण आणि खाली रस अशी स्थिती झाली तर तो फट शोधून उसळतो. आधी वीज दुरुस्त करा, मग त्याच्याच कॉइलने सावकाश वितळवून ओतून घ्या. पहिल्या वेळी तोटीखाली काठ असलेला कोरडा लोखंडी ट्रे, तोंडावर फेस शील्ड, अंगात सुती पूर्ण बाह्या, आणि हवा खेळती. जुन्या शिशात जस्त मिसळलेलं नाही ना तेही बघा. जस्त ४१९ अंशांना वितळतं, म्हणून ओतकामाच्या नेहमीच्या तापमानाला जस्ताचे तुकडे वर तरंगतात. तेव्हाच काढून टाका, नाहीतर पुढे साचा नीट भरत नाही आणि दोष तुम्ही भांड्याला देत बसाल.

भांड्याच्या लोखंडालाच तडा असेल तर वेल्डिंगच्या भानगडीत पडू नका, ते मोडीत द्या. बाकी सगळं दुरुस्त होतं. बुलेट ओतण्याचे नियम तुमच्या इथे काय आहेत ते तुम्हालाच ठाऊक, मी फक्त भांड्यापुरतं बोललो.

प्लगवरचे ओहम, कॉइलवरचे ओहम आणि कॉइल ते बॉडी मेगरचा आकडा, एवढं खाली लिहा. सोबत झाकणाखालचा एक फोटो टाका, म्हणजे थिंबलं कुठली घ्यायची तेही सांगता येईल.