आधी उघडा छेद, मग रडार

प्रिय,

तू पाठवलेले ज्वालामुखीच्या राखेच्या थरांचे जीपीआरचे (जमिनीत रेडिओ लहरी सोडून खालचे थर दाखवणाऱ्या रडारचे) छेद पाहिले. रेषा स्वच्छ आल्या आहेत, पण त्यांवर लिहिलेली थरांची नावं तूर्त पुसून टाक. पडद्यावर उभ्या अक्षावर दिसतो तो वेळ, लहर खाली जाऊन परत यायला लागलेले नॅनोसेकंद. त्याची खोली काढायला वेग लागतो आणि वेग ओलाव्यावर ठरतो. कोरड्या राखेत तो नॅनोसेकंदाला १२ सेंटिमीटर असेल, तर ८० नॅनोसेकंदांवरचा थर ४.८ मीटरवर येतो. राख भिजून वेग ८ वर उतरला, तर तोच थर ३.२ मीटरवर. एवढ्या फरकात एखादा अख्खा उद्रेक मावतो.

म्हणून आधी उघडा छेद, म्हणजे नदीने कापलेला काठ किंवा रस्त्यासाठी खोदलेली उभी भिंत शोध. टेप लावून प्रत्येक थर मोज, राख कुठे संपते आणि प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) कुठे सुरू होतो ते बोट लावून बघ, मग त्याच छेदाच्या माथ्यावरून रडारची अँटेना ओढ. कडेजवळची माती आतल्यापेक्षा कोरडी असते, तेव्हा तिथला वेग सगळ्या मैदानाला लावू नकोस. आत एखाद्या पुरलेल्या दगडाचा हायपरबोला, म्हणजे पडद्यावरची कमानीसारखी रेषा सापडली, तर त्याच्या वक्रतेवरून वेग पुन्हा काढ.

दोन उद्रेकांमधल्या जुन्या मातीवर विशेष लक्ष ठेव. ती चिकण आणि ओलसर असते, त्यामुळे वरच्या कोरड्या राखेशी तिची सीमा जोरदार परावर्तन देते. एल साल्व्हाडोरमधलं होया दे सेरेन हे गाव राखेखाली गाडलं गेलं होतं. १९७६ मध्ये बुलडोझरमुळे ते उघडकीस आलं. पुढे तिथे बैलगाडीवर रडार ठेवून शोध घेतला गेला, आणि उद्रेकापूर्वीची ही चिकण जमीनच त्यात खूण ठरली. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण यंत्रापेक्षा जमिनीची ओळख तिथे जास्त कामी आली.

पण तीच चिकणमाती पृष्ठभागालाच असेल, तर लहर वरच्यावर विरते. तिथे हट्ट धरू नकोस, जागा बदल.

१०० मेगाहर्ट्झच्या अँटेनाने, नॅनोसेकंदाला १० सेंटिमीटर वेग असताना, साधारण २५ सेंटिमीटरपेक्षा पातळ थर वेगळे दिसत नाहीत. तुझ्या रडारच्या छेदांत त्याहून बारीक थर दाखवले आहेत, ते पुन्हा तपास.

पुढच्या वेळी उघड्या छेदाचं रेखाटन आणि आदल्या दिवसांतल्या पावसाची नोंदही पाठव. वेगाचं गणित मिळून करू.

सस्नेह