रिपोर्ट तुमचा, बोलणी तिला

प्रश्न : ताई, लग्नाला ६ वर्षं झाली, मूल नाही. माझ्या वीर्यतपासणीत शुक्राणू शून्य आले. पुढच्या रक्ततपासणीत वाय गुणसूत्राचा 'एझेडएफसी' हा भाग नसल्याचं निघालं. बायकोला मी 'माझं सगळं नॉर्मल आहे' असं सांगून ठेवलंय. आई तिला उपास धरायला लावते, कुठल्या कुठल्या वैदूंची औषधं देते. मी काय करू?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : भाऊ, आधी घरातलं बोलते. ज्या कारणासाठी ती बिचारी औषधं गिळतेय ते तुमच्यात आहे, आणि तुम्हाला ते माहीत आहे. आज रात्रीच तिला रिपोर्ट दाखवा. ती चिडेल, कदाचित चार दिवस माहेरी जाईल. तेवढा तिचा हक्क आहे. आईशीही तुम्हीच बोला, ते तिच्यावर ढकलू नका.

शुक्राणू तयार करणारी काही जनुकं वाय गुणसूत्रावर असतात. त्यातला एक भाग तुमच्यात जन्मापासूनच नाही. वडिलांमध्ये तो बहुतेकदा शाबूत असतो, त्यामुळे घराण्याला नावं ठेवायचं कारण नाही. तरुणपणीच्या सवयी, कुणाचे तळतळाट, यातल्या कशानेही हे झालेलं नाही. लैंगिक ताकदीशीही याचा संबंध नसतो. आणि कुठल्याच चूर्णाने हा भाग परत येत नाही, तेव्हा तो खर्च आजच थांबवा.

वाय गुणसूत्रावरचे एझेडएफए किंवा एझेडएफबी हे दुसरे भाग पूर्ण गेले असते तर शुक्राणू मिळण्याची आशा जवळपास नसती. पण फक्त एझेडएफसी नसलेल्या तुमच्यासारख्यांपैकी साधारण निम्म्यांच्या वृषणात मायक्रो-टेसे शस्त्रक्रियेत (सूक्ष्मदर्शकाखाली वृषणात शुक्राणू शोधतात) थोडे शुक्राणू सापडतात आणि इक्सी, म्हणजे प्रयोगशाळेत एकेक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडणं, करता येतं. मात्र मुलगा झाला तर हाच दोष त्याच्याकडे जाणार. मुलीला वाय मिळतच नाही, पण मुलगीच हवी म्हणून गर्भ निवडणं आपल्याकडे गुन्हा आहे. म्हणून आधी दोघांनी जनुकीय समुपदेशकाला भेटा. एवढ्या कारणासाठी मूल नकोच म्हणावं, असं मला वाटत नाही. मुलाला वयात आल्यावर खरं सांगा. त्याच्यात शुक्राणू असतील तर ते तरुणपणीच गोठवून ठेवता येतात.

दात्याचे शुक्राणू किंवा दत्तक मूल हेही मार्ग आहेत. ते तिच्याशी मोकळं बोलल्याशिवाय ठरवू नका. आणि शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी विचारून घ्या : सापडलेले शुक्राणू त्याच दिवशी गोठवून ठेवायची सोय तिथे आहे का?