बंद खोलीतला नळ आणि कोमट पाणी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझ्या आत्याला हॉस्पिटलात ॲडमिट केलं तेव्हा नर्स म्हणाली की ही रूम बरेच दिवस रिकामी होती, आधी नळ सोडून ठेवते. पण पाणी तर क्लोरीन टाकूनच येतं ना? मग नळात बॅक्टेरिया होतात कुठून?

उत्तर: नर्सने बरोबर केलं. बाहेरून येणारं पाणी बहुतेक वेळा ठीकच असतं हो, घोळ होतो तो इमारतीत शिरल्यावर. क्लोरीन काही कायम टिकत नाही, पाणी पाइपात थांबलं की ते हळूहळू उडतं, आणि गरम पाण्यात तर अजून लवकर. हॉस्पिटलात पाइप लांबच लांब, मजल्यावर मजले, वॉर्ड बंद होतात, बाथरूमची स्टोअररूम होते, नळ काढून पाइप मात्र भिंतीत तसाच ठेवतात आणि त्या टोकाला पाणी साचून राहतं. मग पाइपच्या आतल्या बाजूला एक बुळबुळीत थर धरतो, त्याला बायोफिल्म म्हणतात. गंज आणि क्षार साचले असतील तर त्याला अजून छान आसरा. त्या थराच्या आतले जंतू क्लोरीनला सहज दाद देत नाहीत, शिवाय लिजिओनेला नावाचा जंतू तर पाण्यातल्या अमीबाच्या पोटात राहून वाढतो, म्हणजे त्याला डबल कवच!

यात सगळ्यात मोठा वाटा तापमानाचा. साधारण २५ ते ४५ डिग्री सेल्सिअस, म्हणजे आपण ज्याला कोमट म्हणतो तेच पाणी लिजिओनेलाला मानवतं. म्हणून नियम असा की गार पाणी २० च्या खाली ठेवा आणि गरम पाणी टाकीत ६० च्या आसपास. गरम आणि गार पाइप शेजारी शेजारी नेले आणि वर नीट आवरण नसलं की गार पाणी तापतं, गरम निवतं, आणि दोन्हीकडे तेच कोमट.

हा जंतू कळला तो १९७६ मध्ये फिलाडेल्फियात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेच्या अधिवेशनानंतर लोक न्यूमोनियाने आजारी पडले म्हणून, नावही तिथूनच आलं. तो पाणी पिऊन सहसा बाधत नाही, तर शॉवरचे बारीक तुषार श्वासातून आत गेल्यावर बाधतो. म्हणून नळ सोडताना पाणी उडू न देता सोडायचं, शॉवर असेल तर तोंड बालदीत धरून. तब्येत ठणठणीत असेल तर बहुतेकांना काही होत नाही, पण हॉस्पिटलात म्हातारी माणसं, कॅन्सरचे पेशंट, फुप्फुसं कमजोर असलेले, त्यामुळे तिथे हलगर्जी नको.

अजून एक गंमत सांगते. हात न लावता चालणारे सेन्सरचे नळ स्वच्छतेसाठीच लावतात ना, पण अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलच्या २०११ मधल्या तपासणीत सेन्सरच्या नळांच्या ५० टक्के नमुन्यांत लिजिओनेला वाढला, आणि साध्या नळांच्या फक्त १५ टक्के. सेन्सरच्या नळात आतले भाग जास्त, व्हॉल्व्ह जास्त, जंतूंना चिकटायला जागाही जास्त. नवं तंत्र आलं की डोळे मिटून बसवायचं, ही सवय मला तरी पटत नाही.

प्रश्न: मग सरळ सगळीकडे ६० डिग्रीचंच पाणी का देत नाहीत?

उत्तर: कारण ६० डिग्रीच्या पाण्याने काही सेकंदांत भाजतं, आणि आजारी माणूस पटकन हात मागे घेईलच असं नाही. म्हणून गार-गरम मिसळणारा व्हॉल्व्ह लावतात. तो नळाला अगदी लागून हवा, लांब बसवला तर मधल्या सगळ्या पाइपात परत कोमट पाणी!

आणि हो, हॉस्पिटलातल्या हात धुवायच्या बेसिनमध्ये उरलेला चहा, ज्यूस किंवा सलाइन ओतू नका. ड्रेनमधल्या जंतूंना, त्यात स्यूडोमोनस नावाचा जंतू पण आलाच, ते आयतं खायला मिळतं आणि नळाची धार थेट ड्रेनवर पडली की ते उडून परत वर येतात.