पेशीभित्तिकेच्या साखरांत उतरताय? आधी एवढंच

भाऊ, सगळी जनुकं एकदम पाठ करू नका. अराबिडॉप्सिसमध्ये (प्रयोगशाळेतलं नेहमीचं, मोहरीच्या कुळातलं छोटं रोप) सेल्युलोज, म्हणजे भित्तिकेतली साखरेची लांब साखळी, विणणारी सेसा (CESA) जनुकं १०. त्यातली १, ३, ६ प्राथमिक भित्तिकेची, म्हणजे वाढत्या पेशीच्या पातळ भिंतीची. ४, ७, ८ दुय्यम, म्हणजे वाढ थांबल्यावर आतून चढणाऱ्या जाड थराची. सध्या एवढं पुरे.

नवख्यांची ठरलेली चूक: एक जनुक बंद केलं, रोप धडधाकट दिसलं, की ‘हे बिनकामाचं’ म्हणून मोकळे. अहो, सेसा ६ ची भावंडं २, ५, ९ त्याचं काम बरंचसं सांभाळून घेतात!

आपण नागपूरकर, कापूस हाताशी. वनस्पतींतली ही जनुकं १९९६ मध्ये कापसाच्या धाग्यातच पहिल्यांदा ओळखली गेली. धाग्याचं वय फूल उमललं त्या दिवसापासून मोजतात, म्हणून त्या तारखेची चिठ्ठी देठाला बांधा. मी बांधली नव्हती, अख्खा हंगाम वाया. आणि संत्र्याच्या सालीतून आरएनए (जनुकाची कामाची नक्कल) काढायचा मोह सध्या टाळा. पेक्टिनचा, म्हणजे भित्तिकेतल्याच जेलीसारख्या साखरेचा, नुसता चिकटा होतो.