लपते नळी, दिसते मूठ

विचारा, सांगतो : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, नमस्कार. मी टेक्ससमध्ये ह्यूस्टनजवळच्या केटीला राहतो, वय ४६. औषधांच्या दुकानात नोकरी करतो. रात्री साडेदहाला कुलूप मीच लावतो आणि अंधाऱ्या पार्किंगमधून एकटा गाडीपर्यंत जातो. गेल्या वर्षी नागरिकत्व मिळालं आणि मी बेरेटा ९२ पिस्तूल घेतलं, कारण ते हातात नीट बसतं आणि नेम त्यानेच लागतो. आता नेमबाजीच्या रेंजवरचे सगळे म्हणतात, ‘हे घरी ठेव, रोज जवळ बाळगायला छोटं घे.’ माझी उंची ५ फूट ६ इंच, थोडं पोट आहे. एवढं मोठं पिस्तूल कपड्यांखाली रोज बाळगता येत नाही का? घरात ९ वर्षांची मुलगी आहे.

उत्तर : येतं. मी अकरा वर्षं बाळगलं.

२००४ ते २०१५ ह्यूस्टनच्या नैऋत्य भागात माझा पेट्रोल पंप होता. इथे गॅस स्टेशन म्हणतात, पण माझ्या तोंडात अजून पंपच येतं. कमरेला १९११, म्हणजे जॉन ब्राउनिंगने बनवलेलं आणि अमेरिकी लष्कराने त्याच साली स्वीकारलेलं .४५ इंची गोळीचं धूड. नळी पाच इंच, रिकामं वजन अकराशे ग्रॅम. तुमचं बेरेटा लांबीला तेवढंच. रिकामं थोडं हलकं असतं, पण १५ गोळ्या भरल्या की तेही किलोच्या वर जातं. माझे वडील साताऱ्यात पोलीस हवालदार होते. हत्यार खांद्यावर, चारचौघांना दिसेल असं न्यायचं, लपवून नेतो तो गुंड, एवढंच त्यांनी मला शिकवलं होतं. त्यांचा मुलगा अकरा वर्षं शर्टाखाली लपवून फिरला, हे त्यांना मी कधी सांगितलं नाही.

रेंजवरचे लोक खोटं बोलत नाहीत, पण त्यांची नजर नळीवर असते. नळीचं काही नाही हो. ती पॅन्टच्या आत, मांडीला लागून उभी जाते. चार इंच काय आणि पाच इंच काय. चुगली करते ती मूठ. ती पट्ट्याच्या वर आडवी राहते आणि तुम्ही वाकलात की शर्ट आतून तंबूसारखा उचलते. माझ्या १९११मध्ये गोळ्या एकाखाली एक, सातच, म्हणून मूठ पातळ. तुमच्यात दोन रांगा, म्हणून जाड. तेव्हा तुमचं काम माझ्यापेक्षा अवघड आहे, पण अशक्य नाही.

बेंबीला घड्याळातले १२ धरा. हल्ली तरुण मुलं पिस्तूल पुढे, १च्या जागी ठेवतात. तुम्ही ते करू नका. पोट असलेला माणूस गाडीत बसला की मूठ पोटात आणि नळी जांघेत रुतते. ४च्या जागी, कमरेच्या हाडाच्या किंचित मागे, मूठ थोडी पुढे झुकवून ठेवा. मग ती बरगडीच्या रेषेत जाते आणि पाठीमागे टोक काढत नाही.

आणि पट्टा! लोक पिस्तुलाला हजार डॉलर देतात आणि पट्टा सेलमधला घेतात. मीही पहिले तीन महिने तेच केलं. नाडी सुटलेल्या पोरासारखा दिवसभर पॅन्ट वर ओढत होतो. ज्याला कळायचं त्याला तेवढ्यावरून कळत असणार. मग दुहेरी चामड्याचा, हातात धरला तर लोंबणार नाही असा ताठ पट्टा घेतला, पॅन्ट ३६ऐवजी ३८ची घेतली, आणि एकदम अर्धं वजन गेल्यासारखं वाटलं. शर्ट चौकड्यांचा किंवा गडद घ्या, एक माप मोठा. फिका, एकरंगी शर्ट उन्हात सगळं दाखवतो.

होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, असं हवं की चाप पूर्ण झाकला जाईल आणि हात काढला तरी तोंड उघडं राहील. मी चामड्याचं वापरायचो. ऑगस्टच्या घामाने ते भिजून मऊ पडलं आणि पिस्तुलाच्या अंगाकडच्या बाजूला गंज चढला. दर रविवारी तेल पुसायचो. बायको म्हणायची, देवाच्या समईला एवढं तेल घातलं असतंस तर! आता कायडेक्सची, म्हणजे साच्यात बसवलेल्या कडक प्लास्टिकची मिळतात, ती बरी. पिस्तूल आधी होल्स्टरमध्ये घालायचं आणि मग दोन्ही एकत्र कमरेला लावायचं. पॅन्टमध्ये आधीच लावलेल्या होल्स्टरमध्ये घाईघाईने खुपसताना शर्टाचं टोक चापात अडकतं आणि माणसं स्वतःच्याच मांडीत गोळी घालून घेतात.

दुकानात हे सगळं जमतं. अडतं ते आपल्या माणसांत. एका गणपतीला मी कुर्ता-पायजमा घालून मंडळात गेलो. कुर्ता लपवायला फार छान, पण पायजम्याची नाडी किलोभर लोखंड पेलत नाही, म्हणून आत पॅन्ट आणि पट्टा. आरती झाली. एका आजींना वाकून नमस्कार केला, कुर्ता पाठीवर चढला आणि मागून एका मुलाने मोठ्याने विचारलं, “अंकल, इज दॅट रिअल?” आजींना इंग्रजी येत होतं. प्रसादाच्या रांगेत माझ्या पुढे-मागे चार-चार फूट जागा झाली. पुढच्या वर्षी मंडळाने दारावर पाटी लावली, आणि बरोबर केलं.

शौचालयाचंही सांगून टाकतो. पॅन्ट खाली केली की जड पिस्तूल उलटं होतं, म्हणून मी ते काढून मागच्या टाकीवर ठेवायचो. एके दिवशी तिथेच विसरलो. दहा मिनिटांनी कमरेला हलकं वाटलं तेव्हा धावलो. दार बंद होतं आणि बाहेर आमच्याकडे काम करणारा पोरगा पहारा देत उभा होता. एक शब्द बोलला नाही. त्या दिवसापासून बसल्यावर ते होल्स्टरसकट गुडघ्यांमधल्या पॅन्टमध्येच राहू द्यायचो, कुठेही वेगळं ठेवायचो नाही.

कायद्याचं थोडक्यात. माझ्या वेळी मुद्दाम दाखवणं गुन्हा होता. १ जानेवारी २०१६पासून परवानाधारकाला होल्स्टरमध्ये उघडं बाळगता येतं आणि १ सप्टेंबर २०२१पासून टेक्ससमध्ये २१ वर्षांवरच्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला परवान्याशिवायही बाळगता येतं. तरी परवाना काढाच. फी ४० डॉलर, चार ते सहा तासांचा वर्ग आणि ३, ७ व १५ यार्डांवरून ५० गोळ्यांची परीक्षा. शाळेपासून १००० फुटांच्या आत बंदूक नेण्यावर केंद्राची बंदी आहे, आणि राज्याचा परवाना असेल तरच त्या राज्यात त्यातून सूट मिळते. केटीत शाळेजवळून न जाता घरी कसे जाल? पिस्तूल आत आणायला मनाई करणाऱ्या दारावरच्या ३०.०५, ३०.०६ आणि ३०.०७च्या पाट्या आणि तशीच मनाई सांगणारा बारवरचा लाल ५१चा आकडा वाचायला शिका. दारू प्यायची असेल तर पिस्तूल घरी.

आता तुमचा खरा प्रश्न, जो तुम्ही विचारलेलाच नाही. मालकाला विचारलंत का? मी स्वतः मालक होतो. तुम्ही नोकर आहात, आणि बऱ्याच दुकानांच्या नियमांत कामावर हत्यार आणायला मनाई असते. टेक्ससच्या २०११च्या कायद्याने बहुतेक नोकरदारांना ते कुलूपबंद गाडीत ठेवता येतं. म्हणजे काय होणार? तुम्ही दुकानाच्या दारात, पिस्तूल गाडीत, आणि ज्या अंधाराची भीती तो नेमका दोघांच्या मधे! शिवाय रोज आठ-नऊ तास ते गाडीत पडून राहणार. काच फोडायला चोराला किती वेळ लागतो ते मी पंपावर पाहिलंय. तेव्हा मालक हो म्हणाला तर लेखी घ्या आणि बेरेटा खुशाल कमरेला लावा. नाही म्हणाला तर छोटं पिस्तूल घेऊनही काही फरक पडणार नाही. मग पार्किंगमध्ये दिवे मागा, गाडी दाराशी लावा आणि कुलूप लावताना दुसरा माणूस बरोबर असू द्या. हे मी आधी मागायला सांगितलं असतं.

मुलीचं. कपाटाच्या वरच्या फळीवर, कपड्यांखाली, गादीखाली कुठेही चालणार नाही. ९ वर्षांच्या मुलीला घरातल्या चॉकलेटची जागा माहीत असते, याचीही होईल. घरात आलात की कमरेवरून थेट तिजोरीत, आकड्यांच्या कुलपाची, आणि आकडा वाढदिवसाचा नको. भरलेली बंदूक १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी निष्काळजीपणे ठेवणं टेक्ससमध्ये गुन्हा आहे. आणि मन फार खचलेलं असेल, तुमचं किंवा घरात कुणाचंही, तर त्या काळात ते घराबाहेर ठेवा. या देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंतले निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात.

महिनाभर रिकामं पिस्तूल लावून घरात फिरा. झाडू मारा, मुलीच्या बुटाची लेस बांधा, जेवायला खाली मांडी घालून बसा. महिन्यानंतरही ते सकाळी आपणहून लावावंसं वाटलं तर बाळगा. मला २०१५मध्ये पंप विकल्यावर तसं वाटेनासं झालं. आता ते तिजोरीत असतं आणि पट्टा मात्र रोज तोच वापरतो.

प्रश्न : मी एच-१बीवर डॅलसला आहे. रूममेटकडे ग्रीन कार्ड आहे. त्याचं पिस्तूल मी अधूनमधून वापरलं तर चालेल का?

उत्तर : नाही. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळी ताब्यात ठेवायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे आणि शिक्षा १५ वर्षांपर्यंत जाऊ शकते. ‘त्याचं आहे, माझं नाही’ हे तिथे चालत नाही. शिकारीचा परवाना काढला की सूट मिळते असं कुणी सांगेल. तशी तरतूद आहे, पण तिच्या भरवशावर आधी वकिलाला न भेटता हात लावू नका. रूममेटला सांगा, तिजोरीची किल्ली कुठे असते ते तुला एकट्यालाच माहीत असू दे.

प्रश्न : दिवाळीला पुण्याला जातोय. पिस्तूल अर्थातच इथेच ठेवणार. आणखी काय काळजी घ्यावी?

उत्तर : बॅग. रेंजवर नेता ती पाठपिशवी भारतात न्यायची नाही, रिकामी केली तरी नाही. अस्तराच्या शिवणीत एक जिवंत काडतूस राहिलं आणि मुंबई विमानतळावर मशीनमध्ये दिसलं, की १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो आणि सुट्टी पोलीस ठाणं आणि कोर्टात जाते. जॅकेटचे खिसेही उलटे करून बघा. मी दुकानातून नवीन बॅग घेतो, आणि येताना तीत भाजणी भरून आणतो.