‘हलके बॉम्बफेकी विमान’: हलके कशाने?

दुसऱ्या महायुद्धावरचा लेख मराठीत आणणाऱ्या एकांचा प्रश्न आहे : ‘लाइट बॉम्बर’ला ‘हलके बॉम्बफेकी विमान’ म्हणावे का? ब्रिटिशांचे मॉस्किटो लाकडी होते, म्हणून ते हलके का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : नाही. हा हलकेपणा विमानाच्या अंगाचा नाही, त्याने न्यायच्या बॉम्बचा आहे. ब्रिटिशांचेच ब्लेनहाइम विमान धातूचे, रिकामे वजन सुमारे साडेचार टन. मॉस्किटो लाकडाचे, तरी सहा टनांच्या आसपास भरे. दोन्ही हलक्याच वर्गातली, कारण सुरुवातीला दोघांच्याही पोटात एकूण हजार पौंडांचेच बॉम्ब धरले होते. मॉस्किटो बनवणाऱ्या डी हॅविलँड कंपनीने लाकूड निवडले ते मुख्यतः युद्धात धातू अपुरा पडेल आणि सुतारकामाचे कारखाने हाताशी असतील, हे ओळखून. बर्चच्या प्लायवुडच्या थरांमध्ये बाल्साचे लाकूड घालून धडाचे दोन भाग शेंगेच्या फाकांसारखे वेगळे घडवायचे आणि मग जोडायचे. पहिले उड्डाण २५ नोव्हेंबर १९४० रोजी झाले.

पुढे ५०० पौंडी बॉम्बची शेपटी आखूड केल्यावर मॉस्किटोत तसे चार मावू लागले. भार दुप्पट झाला. १९४४ मध्ये तर पोट फुगवून हेच विमान ४,००० पौंडांचा एक बॉम्ब नेऊ लागले. तरी रात्री बर्लिनवर जाणाऱ्या मॉस्किटोंच्या दलाचे नाव ‘लाइट नाइट स्ट्रायकिंग फोर्स’च होते.

आता मराठीकडे. ‘हलका माल’ म्हटले की प्रत कमी, आणि ‘भारी’ म्हटले की उत्तम. त्यामुळे ‘हलके विमान’ वाचणारा वजनाकडे तरी वळतो, नाहीतर दर्जाकडे. पण आपल्याकडे फार उपयोगी भेद आहे : वजन स्वतःचे असते, भार वाहायचा असतो. तेव्हा ‘लांब पल्ल्याची तोफ’ म्हणतो त्याच धर्तीवर ‘कमी भाराचे बॉम्बफेकी विमान’ म्हणावे, असे माझे मत. ‘हलके’ रुळलेलेच वापरायचे असेल, तर पहिल्या उल्लेखात एवढा खुलासा करावा.

त्याच लेखातले ‘जुळ्या इंजिनांचे’ मात्र बदलाच. सरळ ‘दोन इंजिनांचे’ लिहा. जुळे केळे एकमेकांना चिकटलेले असते. मॉस्किटोची मर्लिन इंजिने दोन पंखांवर वेगवेगळी बसवलेली. जर्मनांच्या हाइंकेल १७७ मध्ये दोन-दोन इंजिने खरोखरच एकत्र जोडून एकेका पंख्याला (प्रोपेलरला) लावली होती. ‘जुळी इंजिने’ त्या विमानासाठी राखून ठेवा.